चिखल एडिशन

शनिवारी सकाळी ड्युटीवर जाताना शनीच्या देवळापाशी एक कंटेनर आडवा झाला, माझी स्कूटी त्याच्यामागे अडकली, आणि सहज डावीकडे बघितलं तर चपलांच्या ढिगावर आमच्या मनोजचे बूट. मनोज माझा धाकटा भाऊ. आधी वाटलं, असतील तसलेच दुसऱ्या कुणाचे. मग माझं मलाच हसू आलं, कारण तसले बूट अख्ख्या दापोड्यात दुसऱ्या कुणाच्या पायात दिसू नयेत याची सोय आमच्याच कंपनीने केलीय आणि त्या कंपनीचा पगार मी खाते. मातकट रंगाचे, घोट्याच्या वर येणारे, एका बाजूला मुद्दाम फाडून वर चिकटपट्टी मारलेली, आणि तळापासून अर्ध्या बुटापर्यंत चिखल. तोही खोटा, फॅक्टरीत लावलेला. बाकी ढीग कसाही फेकलेला होता, पण हे बूट जोडीने, टाचेला टाच लावून ठेवलेले होते. पाहुण्यांच्या चपला आय ओटीवर अशाच लावून ठेवते. हे आयचंच काम, दुसरं कोण करणार!

आमच्याकडे हे असं आहे. एखाद्याच्या मागे साडेसाती लागली, कामं अडायला लागली, की त्याने शनिवारी पायातली वहाण देवळाबाहेर सोडायची आणि मागे न बघता अनवाणी घरी यायचं. पनवती वहाणेबरोबर तिथेच राहते. जो ती वहाण उचलेल त्याच्यामागे ती जाते, म्हणून कितीही चांगली चप्पल असो, कुणी हात लावत नाही. रविवारी सकाळी एक टेम्पोवाला येतो, सगळं पोत्यात भरून नेतो, तो ते कुठे विकतो हे कुणी विचारत नाही. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि ढिगापर्यंत गेले. शी! तेल सांडून सांडून सगळं चिकट झालेलं, त्यावर काळे उडीद, लिंबाच्या फोडी, माश्या. कुणाची पट्टा तुटलेली चप्पल, कुणाचे लग्नातले असावेत असे चामडी बूट, एका लहान मुलीचे चमकीचे सँडल. एवढ्याशा मुलीच्या मागे कसली पनवती लावली असेल आईबापांनी? हात पुढे केला तर उचलून डिकीत टाकायला किती वेळ लागला असता. पण हात पुढे होईना. मी बी. कॉम. झालेय, देवळात जायचं तर आयला मला ओढत न्यावं लागतं, आणि तरी हात होईना. मागचे ट्रकवाले हॉर्न मारायला लागले. संध्याकाळी बघू, असं स्वतःला सांगितलं आणि निघाले. दिवसभर मात्र तोंडाला त्या जळक्या तेलाची चव राहिली.

आमचं गोडाऊन म्हणजे जमीन बाबांची, शेड बाबांनी बांधलेली, भाड्याने कंपनीला दिलेली, आणि आत नोकरीला मी. बाबांना अजून हे पटलेलं नाही. "आपल्याच जाग्यात दुसऱ्याची हमाली?" असं ते जेवताना म्हणतात आणि भात कालवत राहतात. केसरीनाथ शेटची पोरगी कामाला जाते हे त्यांना चारचौघांत सांगवत नाही. मी घरी बसले असते तर माझी मनोजसारखी गत झाली असती, हे मला त्यांना सांगवत नाही. माझं टेबल रिटर्नचं. लोक बूट मागवतात, एका हळदीत नाहीतर एका फोटोत घालतात, आणि साईज बरोबर नाही म्हणून परत पाठवतात. ते खोकं आधी माझ्यापुढे येतं. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, श्वास घ्यायचा. वर कितीही पुसलेलं असो, आतला वास खोटं बोलत नाही. ओल्या मोज्याचा, पावडरीचा, अत्तराचा, कधी बाटलीतल्या दारूचा. सुरुवातीला मी घरी जाऊन दोन घास गिळू शकत नव्हते. मग सवय झाली. सवय झाली म्हणजे किळस गेली असं नाही, ती फक्त नाकातून खाली उतरली आणि पोटात जाऊन बसली. त्या शनिवारी पहिलंच खोकं उघडलं आणि आत वास घ्यायच्या आधी मला तो ढीग दिसला. कुणाकुणाच्या पायांचं काय काय मी आजवर नाकाने ओढून घेतलंय, असं वाटून मी खोकं बंद केलं आणि तोंड धुवून आले.

हा चिखल निघाला कुठून, तर आल्हादच्या डोक्यातून. आल्हाद मार्केटिंगचा, ठाण्याच्या ऑफिसमधून महिन्यातून एकदा येतो. पोरगा वाईट नाही, मला उन्नतीताई म्हणतो, आयच्या हातची तांदळाची भाकरी बोंबलाच्या कालवणात बुडवून खाऊन गेलेला आहे. मागच्या वर्षी पावसात आला तेव्हा विचारलं, ताई, ही शेड व्हायच्या आधी इथे काय होतं? भात, म्हटलं, खाचरं होती आमची. त्याचे डोळे असे चमकले जसे आमच्याकडे खेकडा सापडल्यावर चमकतात. मला दाखवा ना, म्हणाला. रस्त्यापलीकडे काळूरामकाकांचं एक खाचर अजून शिल्लक होतं, तिथे लावणी चालली होती. आल्हादने पँट वर केली, आत उतरला, अहाहा, ताई, हे टेक्श्चर बघा, असं काहीतरी बोलला आणि एका डबीत चिखल भरून घेतला. काळूरामकाका म्हणाले, "न्यायचा तर पोतंभर ने, डबीत काय नेतंस?" आम्ही सगळे हसलो. सहा-सात महिन्यांनी खोकी आली, वर छापलेलं: चिखल एडिशन. मातीशी नातं, फक्त मोजक्यांसाठी. मी बोट लावून बघितलं, तर तो चिखल म्हणजे रबरासारखं काहीतरी, नखाने निघत नाही, ओला होत नाही. नाकाशी नेलं, तर नव्या प्लास्टिकच्या बादलीचा वास. ज्या चिखलात आयच्या पायांची बोटं सडायची, ज्या चिखलातून ती सुटली म्हणून तिने गोडाऊनच्या पायाभरणीला गावाला जेवण घातलं, तो आता लोक पैसे मोजून पायात घालणार, आणि तोही खरा नव्हे.

आणि ते मोजके म्हणजे तरी काय! एक दिवस ठरतो, एक वेळ ठरते, त्याला ड्रॉप म्हणतात. महिनाभर आधी फोनवर नुसतं अर्धं चित्र दाखवायचं, कुणा गाणाऱ्या पोराच्या पायात क्षणभर दाखवून काढून घ्यायचं, लोकांची नावं मागवायची, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करायचं. वेळ झाली की अ‍ॅप उघडतं आणि मिनिटभरात सगळं संपतं. संपलं असं लाल अक्षरात येतं. मी त्या वेळी रॅकखाली उभी होते. माझ्या डोक्यावर छपरापर्यंत खोकी होती, चिखलाची, अंधारात. एक हललं नव्हतं. मी आल्हादला फोन केला, म्हटलं, अरे चुकलंय काहीतरी, माल आहे इथे. तो हसला. "ताई, पंगतीत सगळ्यांना पोटभर वाढलं की लोक हात धुवून उठतात. आपल्याला पंगत उठू द्यायची नाही." पुढे ती खोकी थोडीथोडी बाहेर सोडायची आणि उरतील ती चिरून टाकायची. चिरायला वेगळं मशीन आहे, मागच्या शटरजवळ. दुष्काळ बघितलेल्या म्हाताऱ्यांनी ऐकलं तर तोंडात मारतील. पण मी काय बोलणार, मी रिटर्नवाली. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच मिनिटाला, शेडपासून हाकेच्या अंतरावर, आमच्या घरात मनोज ओरडला होता. त्याला जोडी लागली. लागली हाच शब्द, लॉटरीसारखा. आय सांगत होती की पोऱ्या धावत स्वयंपाकघरात आला आणि तिला मिठी मारली. नवस फेडल्यासारखं तोंड करून ती मला हे सांगत होती. त्याआधी किती महिने तो तिच्याशी धड बोलला नव्हता. अंजूरच्या मुलीशी ठरलेलं मोडलं तेव्हापासून तर नाहीच. मुलीच्या मामाने एवढंच विचारलं, पोरगा करतो काय? बाबा म्हणाले, भाडं येतं. मामा म्हणाले, भाडं तुम्हाला येतं, तो काय करतो? मनोज करतो ते हे: दहा-अकराला उठतो, एसी लावतो, खोलीत भिंतीला लागून बुटांची खोकी रचली आहेत त्यांच्याकडे बघत फोनवर बोटं फिरवतो. त्यातला एक बूट त्याने कधी घातलेला मी बघितला नाही. घालायचे नसतात ते, ताई, म्हणतो. बाहेर जाताना साध्या रबरी चपला घालून जातो. मग बूट असतात कशाला? तर असायला. बाबा म्हणतात, पोऱ्याचा शौक हाय, असूदे, आणि गुडघे शेकायला गणेशपुरीच्या कुंडावर जाऊन बसतात. मला त्याचा संताप यायचा, मग दया यायची, आणि शेवटी दोन्हींची मिळून एक शिसारी यायची. कारण ज्या भुकेने तो आत सुकत चालला होता ती भूक कुठे बनते, कोण तिला फोडणी देतं, हे मी रोज सकाळी नऊपासून बघत होते.

आयला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की शुक्रवारी संध्याकाळी मनोज अंघोळीला गेला आणि पलंगावर, उशीच्या शेजारी, फाटके, चिखलाने भरलेले बूट. पलंगावर! तिने ते उचलले, मोरीत नेले, घासणीने घासले, राखेने घासले. चिखल जाईना. मी ड्युटीवरून आले तेव्हा ती हात पुसत माझ्याकडे अशी बघत होती की मी विचारलं, काय झालं? "बाय, जल्म गेला माजा चिखलात, पन असला चिखल मी कदी बगला न्हाय. धुतला तरी जाय ना. ह्यो साधा चिखल न्हाय." मी दमले होते. मी म्हटलं, आय, असेल काहीतरी, ठेव जाग्यावर. तेवढ्यावर मी झोपले. तिला मात्र उत्तर सापडलं होतं. पोराचं लग्न मोडतं, पोरगा बोलत नाही, खात नाही, आणि त्याच्या पायाला असा चिखल बसलाय की तो पाण्याने निघत नाही. आयसारख्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पहाटे ती बूट पदराखाली धरून गेली आणि ठेवून आली.

अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. मागे मनोजचा आवाज, इतका चिरका की क्षणभर मला ओळखू येईना. "विचार तिला! तिला विचार काय केलंय तिने!" मग आय, अगदी बारीक आवाजात, "उन्नती, त्यानं ते कदी घातलेच न्हवते गं. नवे व्हते, म्हनतो." मी म्हटलं, आय, तू कुठे जाऊ नको, मी आणते. ऐकतेस ना? तू त्या ढिगाला हात लावायचा नाही. फोन मनोजने ओढून घेतला असावा. तो म्हणाला, "तिने ठेवलेत ना, तीच आणेल. अक्कल नाही तर हात कशाला लावायचा दुसऱ्याच्या वस्तूला?" आयला. माझ्या आयला. मी सुपरवायझरला सांगितलंसुद्धा नाही, स्कूटी काढली. वाटेत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आयच्या आधी मी पोचायला पाहिजे. ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या तुटक्या चपलेवरूनही कधी पाय टाकला नाही, तिने त्या तेलकट ढिगात हात घालायचा, दहा घरांची साडेसाती चिवडायची, आणि तेही त्या प्लास्टिकच्या चिखलासाठी. पुलाखाली थांबून मी थुंकले आणि पुन्हा निघाले.

ढिगावर बूट नव्हते. तेल विकणारा माणूस ओळखीचा, म्हणाला, "दीदी, माताजी आई थीं, वही ले गईं. मैंने मना किया, मत उठाओ, पाप लगेगा. मानी ही नहीं. यहीं बैठ के पहन लिया." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पहन लिया? तो मान हलवून म्हणाला, हाँ, पहन के गईं.

सर्व्हिस रोडला ती दिसली. कडेने चालली होती, ट्रकच्या धुळीत, साडी एका हाताने उचलून धरलेली, आणि पायात ते बूट. दोन मापं मोठे. नाड्या सुटून लोळत होत्या, प्रत्येक पावलाला टाच निसटून फटाक असा आवाज येत होता. पानाच्या गादीवरची दोन पोरं वाकून बघत होती. एकाने शिट्टी मारली, "अबे वो देख, चिखल एडिशन!" मी स्कूटी तिच्यापुढे घातली.

"आय! हे काय घातलंस?"

"वरडू नको. मानसं बगतात."

"बघू देत. काढ आधी. काढ, मी डिकीत टाकते."

"न्हाय काढायचे," ती म्हणाली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज शांत. "त्यानं कदी पाय घातलाच न्हाय, तर त्याची पनवती त्यात उतरंल कशी? माजा शनवार फुकट गेला. आनी वर सकाळपास्नं ते त्या ढिगावर व्हते. कोना कोनाची पीडा शिरली असंल. जो पयला पाय घालंल त्याला ती लागंल." ती थांबून श्वास घेत होती. "म्हनून मी घातला. आथा त्याला काय व्हनार न्हाय. तो खुशाल घालूदे."

मी गाडीवर बस म्हटलं, तर बसली नाही. घरापर्यंत चालतच जायचं, वाटेत पाय उचलून घेतला तर अर्धं राहील म्हणाली. हे कुणी सांगितलं तिला? कुणी नाही. ती रस्त्यात बनवत होती हे नियम, एकेक, पोराला काही राहू नये म्हणून. मी स्कूटी ढकलत तिच्या शेजारून चालले. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग होता, आल्हादचा, बाबांचा, शनीचासुद्धा, आणि सगळ्यात जास्त तिचा, कारण ती इतकी सरळ होती की तिच्याशी भांडायला कुठे जागाच नव्हती. ती पोराला मिळालेली सगळी घाण पायात घालून घरी निघाली होती आणि तिला हलकं वाटत होतं. मध्येच म्हणाली, "आतून मऊ हायेत गं."

मनोज ओटीवर येरझारा घालत होता. आम्हाला बघून थांबला. मग पायऱ्या उतरून धावत आला आणि आयच्या पायाशी वाकला. मला वाटलं, पाया पडतोय. आयलाही तसंच वाटलं, तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला. त्याने तिच्या पायातल्या बुटाचं पुढचं टोक अंगठ्याने दाबलं, उजवं, मग डावं. चालताना बोटं मुडपतात तिथे आडवी घडी पडली होती.

"क्रीज पडली," तो म्हणाला. "गेले हे. आता घातलेले झाले. आता कोण विचारतंय यांना?"

आयचा हात हवेत राहिला. मी म्हटलं, "मन्या, उठ. उठ आणि तिच्या तोंडाकडे बघ. असले बूट आपल्या शेडमध्ये छपरापर्यंत भरलेत. संपलेले नाहीत, कधी संपलेच नव्हते. कंपनीवाले ठाण्यात बसून बटण दाबतात. उरले की आम्ही ते चिरून टाकतो. ऐकतोस?" इतके दिवस मी हे पोटात धरलं होतं. वाटलं होतं, ज्या दिवशी सांगेन त्या दिवशी याचं काहीतरी मोडेल, रडेल, निदान मला शिवी देईल.

त्याने मान वर केली. "ठाऊक आहे, ताई. सगळ्यांनाच ठाऊक असतं," तो म्हणाला. "तू फक्त बाहेर बोलू नको."

तो उठला, दोन पावलं मागे गेला, आणि पहिल्यांदा त्याने आयला अख्खी बघितलं. घामाने चिकटलेलं कुंकू, उचललेली साडी, धुळीने पांढऱ्या झालेल्या पोटऱ्या आणि खाली ते बूट. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निघून गेला. खिशातून फोन काढला.

"आय, तशीच उभी राहा. हलू नको हां," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता, लहानपणी ताप उतरल्यावर असायचा तसा. "साडी थोडी वर धर. बूट दिसू दे."

"आशी?"

"आणखी थोडी. झकास! आता हस ना जरा."

आय हसली. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, कॅमेऱ्याला पाठ करून. मनोज म्हणाला, सरक ना ताई. मी हलले नाही. तो पुन्हा म्हणाला, सरक, आणि मी त्याच्या हातातला फोन घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आयचा हात माझ्या खांद्यावर आला.

"बाय, सरक जरा," ती हळूच म्हणाली. "किती दिसांनी बोलतोय तो माज्याशी."

मी बाजूला झाले. आयने साडी आणखी थोडी वर धरली.